काचेवरच्या सासूबाई

माझ्या सासूबाई एकाच वेळी दोन ठिकाणी असतात. घरी खिडकीजवळच्या उंच खुर्चीत, आणि मी काम करते त्या प्रयोगशाळेत, मेणाच्या एका छोट्या वडीत. घरच्या सासूबाई बोलतात, प्रयोगशाळेतल्या फक्त रंगतात. शब्द मात्र दोन्हीकडे त्यांचाच शेवटचा.

हे नीट समजावून सांगायला हवं, नाहीतर लोक माझ्यापासून जरा लांब सरकून बसतात.

काही वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खुबा बदलला. झिजलेला हाडाचा गोळा काढायचा आणि धातूचा बसवायचा, असं ते ऑपरेशन. काढलेलं हाड एरवी फेकूनच देतात. आमच्या प्रयोगशाळेला नेमकं तेव्हा माणसाचं हाड हवं होतं. मी चाचरत विचारलं, "आई, तुमचं ते हाड आमच्या कामाला येईल. देता का?"

"मला परत बसवणार आहेत का?"

"छे हो."

"मग ने की. पण वाया घालवू नका. मी हातभर कापड उरलं तरी त्याची पिशवी शिवते."

त्यांनी जन्मभर शिवणकाम केलं. शाळांचे गणवेश, पडदे, इतरांनी बिघडवलेले कोट. संमतीच्या कागदावर सही करतानासुद्धा त्यांनी कागदाची कड सरळ कापली आहे की नाही ते पाहिलं. नव्हती. तसं त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना सांगितलंही.

आता हाड कशाला हवं होतं ते सांगते. आपल्या हाड बनवणाऱ्या पेशी एक प्रथिन तयार करतात, जे शरीरात इतरत्र सहसा सापडत नाही. आमच्या फ्रिजमध्ये बोटाएवढी एक बाटली असते, तिच्यात असते अँटिबॉडी. ही अँटिबॉडी भलती एककल्ली. माणसाच्या हाडातलं ते प्रथिन दिसलं की जाऊन चिकटते, बाकी कोणाकडे ढुंकूनही बघत नाही. ती जिथे चिकटेल तिथे आम्ही तपकिरी रंग चढवतो, बाकी सगळं निळं राहतं. एखाद्याला गाठ येते आणि ती हाड बनवणाऱ्या पेशींची आहे की दुसऱ्याच कशाची, हे डॉक्टरांना नुसतं बघून कळत नाही. मग तिचा तुकडा आमच्याकडे येतो. आम्ही त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर लावतो आणि वर अँटिबॉडीचा थेंब टाकतो. तपकिरी झाला तर एक उपचार, नाही झाला तर वेगळा.

पण नाही झाला, तर तो गाठीत ते प्रथिन नव्हतं म्हणून, की आम्हीच काही घोळ घातला म्हणून? हे कळावं यासाठी प्रत्येक काचेवर रुग्णाच्या तुकड्याशेजारी एक ओळखीचा तुकडा लावायचा असतो. त्यात ते प्रथिन आहे याची आधीच खात्री असते. त्याला म्हणतात कंट्रोल. दोघांवर सगळे सोपस्कार सारखेच. ओळखीचा तुकडा रंगला, तर शेजारचा पाहुणा जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. ओळखीचा रंगला नाही, तर काच बाद.

तो ओळखीचा तुकडा म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणजे मेणाच्या वडीत बसवलेलं त्यांचं हाड. या गावात ज्याला ज्याला गाठ आली, त्याच्या शेजारी त्या जाऊन बसल्या आहेत. प्रयोगशाळेत सगळे त्यांना आजी म्हणतात. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी रोज विचारतात, "काय म्हणतायत आजी?" आणि आजी रोज खणखणीत तपकिरी असतात.

घरी जेवताना सासूबाई हेच विचारायच्या, जरा निराळ्या सुरात.

"आज कशी होते मी?"

"झकास, आई. एकदम चॉकलेटी."

"हं." एवढंच म्हणून त्या भाजी वाढून घ्यायच्या. पण त्या 'हं'मध्ये जो काही भाव खायच्या, तो भाजीपेक्षा जास्त असायचा. "माझ्या आईनं आम्हाला दूध भरपूर पाजलं," असं कधीतरी भिंतीला सांगायच्या. आमचे हे खाली मान घालून हसायचे. मीही रोज चढवून सांगायचे, कधी चॉकलेटी, कधी शिसवी. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं, आपल्या जिभेला काय तोशीस? याची किंमत पुढे मोजावी लागणार आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग डावा खुबा दुखायला लागला.

आधी त्या मान्यच करेनात. "जरा अवघडलाय," म्हणायच्या. मग जिना चढताना मधल्या वळणावर थांबू लागल्या. मग जिना उतरायचं बंद झालं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. गावातल्या निम्म्या उंच इमारती यांच्या जिवावर वरखाली होतात, आणि आम्ही राहतो तिथे तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. इमारतीच्या दाराशी एक लांब बाक आहे. तिथे संध्याकाळी सासूबाईंच्या मैत्रिणी जमतात आणि अख्ख्या गल्लीची उठाठेव करतात. त्या बाकावरची सासूबाईंची जागा रिकामी राहू लागली. त्या वरून, खिडकीतून, नुसतं कोण आलं कोण गेलं बघायच्या.

यांनी खुर्चीच्या पायांना लाकडी ठोकळे लावून ती उंच करून दिली. पायाखाली स्टूल आलं. चहा खुर्चीत, औषध खुर्चीत, पेपर खुर्चीत. शिलाई मशीन झाकून ठेवलं. "पाय जपलेला बरा," त्या म्हणायच्या, आणि जपायच्या.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून स्पष्ट सांगितलं, "हाही बदलायला लागेल. आणि लवकर. बसून बसून मांडीचे स्नायू वाळले, तर नवा खुबा घालूनही या उभ्या कशावर राहणार?"

त्यानंतर त्यांच्याकडे कारणांची कमतरता पडली नाही. आधी थंडी होती. मग उकडत होतं. मग एकीचे पडदे द्यायचे होते, ते मशीनसकट झाकलेले होते. "मला काय शर्यतीत पळायचंय?" हे तर पालुपदच झालं. यांनी समजावलं, मी समजावलं, मी आवाजही चढवला. माझा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, सासूबाईंना त्याचं काडीचं वाटत नाही. मी भांडी आपटली की त्या म्हणतात, "दांडा ढिला होईल गं त्याचा."

पण आतून मी घाबरले होते. खाली राहणाऱ्या म्हातारबाबांचं मी पाहिलं होतं. आधी जिना सुटला, मग खोली सुटली, मग पलंगच. सासूबाई माझ्या डोळ्यांदेखत त्याच वाटेनं निघाल्या होत्या आणि वर मलाच विचारत होत्या, "आज कशी होते मी?" मी म्हणायचे, "झकास."

याच सुमारास प्रयोगशाळेतल्या सासूबाईही संपत आल्या.

म्हणजे असं, की मेणाची वडी काही अमर नसते. कापायच्या यंत्रावर दरवेळी ती चढवली, की पहिले काही काप वाकडेतिकडेच निघतात, पृष्ठभाग सपाट होईपर्यंत ते टाकून द्यावे लागतात. रोज एकेक काच करायची म्हणजे रोज तेवढं हाड कचऱ्यात. मला ते बघवेना. शेवटी मी कोणाची सून! मी एक युक्ती केली. एक अख्खी दुपार बसून ढीगभर काचांवर आजींचे काप आधीच लावून ठेवले, खोक्यात नीट रचले आणि खोकं फळीवर ठेवलं. लागेल तशी एक काच उचलायची, शेजारी रुग्णाचा तुकडा लावायचा. वडी तिकडे कपाटात सुखरूप. मॅडमही खूश झाल्या. "छान जपतेस हो सासूबाईंना," म्हणाल्या. मी दिवसभर हवेत होते.

महिन्यांमागून महिने गेले. काचा उचलत राहिलो. आणि एका सकाळी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतायत आजी?" आणि मग डोळा न काढताच काच पुढेमागे सरकवत राहिल्या.

"ये, तू बघ."

मी डोळा लावला. निळा, निळा, सगळीकडे निळा. कुठेतरी चहाचा डाग धुऊनही राहावा तशी पुसट पिवळट छटा. बस्स.

शेजारी एका बाईच्या मांडीतल्या गाठीचा तुकडा होता. तोही निळा. तिचे डॉक्टर दुपारपर्यंत उत्तर मागत होते. मॅडमनी फोन उचलला आणि सांगितलं, "उत्तर आज नाही. आमचा कंट्रोल बोलत नाहीये, त्यामुळे मीही बोलणार नाही." पलीकडून बरीच आदळआपट झालेली मला इकडे ऐकू आली. मॅडम ढिम्म.

अँटिबॉडीची नवी बाटली आदल्याच दिवशी उघडली होती. साहजिकच सगळ्यांनी तिच्या नावानं बोटं मोडली. मीही मोडली आणि घरी गेले.

जेवायला बसलो. प्रश्न आलाच. "आज कशी होते मी?"

मी दमले होते, डोक्यात तीच निळी काच होती. तोंडातून सरळ निघून गेलं, "आज नाही उमटलात, आई."

ताटावरचा हात थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे रंग नाही आला. बहुतेक नवी बाटली खराब आहे, उद्या बघू."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मी या घरात आल्यापासून त्यांनी अन्न टाकलेलं पाहिलं नव्हतं. "बाटली कशाला खराब असेल?" त्या म्हणाल्या. "हाडच संपलं असणार. वय झालं त्याचं."

"अहो, ते मेणात आहे. त्याचं वय कसं होईल?"

"सगळ्याचं होतं." मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "म्हणूनच मी दुसऱ्याचं नको म्हणत होते."

मला कळेचना. "दुसऱ्या कशाचं?"

"या डाव्याचं. पहिलं हाड निदान नाव काढत होतं. रोज चॉकलेटी, रोज चॉकलेटी. आणि आता हे काढायचं, तुम्ही त्याचे काप करणार, आणि त्यात काही निघालंच नाही तर? इतक्या सगळ्या शिकलेल्या लोकांसमोर? म्हातारी आतून पोकळ निघाली म्हणतील."

यांचा घास हातातच राहिला. मी आधी हसणारच होते. एवढे दिवस थंडी, उकाडा, पडदे, शर्यत, आणि खरं कारण हे! पण त्यांच्या हनुवटीकडे लक्ष गेलं. ती थरथरत होती. सासूबाईंची हनुवटी. माझं हसू जागच्या जागी विरलं. त्यांना हरभऱ्याच्या झाडावर रोज रात्री मीच चढवत होते. आता उतरायला त्यांना शिडी कुठून आणून देणार होते?

"आई, तसं काही नसतं हो," एवढंच मी म्हणू शकले. ते त्यांनी ऐकलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले ती तावातावानंच. जुन्या बाटलीच्या तळाशी थोडे थेंब उरले होते. ते वापरून नवीन काच केली. म्हटलं, आता दाखवते या नव्या बाटलीला. काच झाली, मॅडमनी पाहिली, मी पाहिली. तीच पुसट पिवळट छटा. म्हणजे बाटली निर्दोष होती. मग दोष कोणाचा उरला? सासूबाईंचं म्हणणं खरं ठरतंय की काय?

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या विचार करतात तेव्हा चष्मा पुसतात, स्वच्छ असला तरी. "या काचांवर काप लावले कधी?"

"ते मी एकदम लावले होते ना, तुमच्यासमोर. काचा खोक्यात ठेवल्या होत्या." बोलता बोलता माझी नजर फळीवर गेली. फळीच्या खालीच ओव्हन. दिवसभर त्याची ऊब. वर भिंतीला पाण्याच्या नळाची ओल. आणि त्यात माझं ते लाडाचं खोकं.

मी खोकं खाली काढलं, ते कोमट लागलं. मेणाच्या वडीत हाड बंद असतं, त्याला वारा लागत नाही. पण काप काढून काचेवर उघडा ठेवला, की हवा, ऊब, ओल लागून त्यातलं प्रथिन हळूहळू मरत जातं. हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. कोणालाही शिकवताना आम्ही पहिल्या आठवड्यात हे सांगतो. पण जपण्याच्या नादात दोघींच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. "मीच तर तुला शाबासकी दिली," मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या.

वडी कपाटातून काढली. बर्फावर गार केली, यंत्रावर चढवली. पहिले काप वाकडे निघाले, ते मुकाट्यानं टाकले, या वेळी हळहळ न करता. मग एक नीट सरळ फीत निघाली, ती कोमट पाण्यावर अलगद सोडली. सुरकुती पडली होती ती पाण्यावर आपोआप उलगडली. खालून काच घालून उचलली. शेजारी त्या बाईच्या गाठीचा नवा काप. नवी बाटली, नवा थेंब. आणि मग थांबायचं. अँटिबॉडीला घाई चालत नाही, ती तिच्या सवडीनं चिकटते. मी तोवर खोक्यातल्या काचा एकेक करून कचऱ्यात टाकल्या. खूप वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मॅडमनी डोळा लावला आणि हात वर केला. मी काय ते समजले, तरी स्वतः पाहिल्याशिवाय राहवलं नाही. गर्द तपकिरी. आणि शेजारचा पाहुणा स्वच्छ निळा. आता त्या निळ्यावर विश्वास ठेवता येत होता. गाठ हाडाची नव्हती. मॅडमनी आधी पाहिलेल्या बाकीच्या गोष्टींशी ते जुळत होतं, साध्या जातीची गाठ, काढून टाकली की झालं. मॅडमनी फोन लावला, आणि या वेळी पलीकडचा आवाज मऊ होता. मग त्यांनी गेल्या काही आठवड्यांतल्या सगळ्या काचा पुन्हा मागवून एकेक तपासल्या. आजी तेव्हा फिकटत चालल्या होत्या, पण बोलत होत्या. कोणाचंही उत्तर बदलावं लागलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

घरी जाऊन मी चपला न काढताच सांगितलं. "आई, तुमचं हाड ठणठणीत आहे. चूक माझी." आणि सगळं सांगितलं, वडी, खोकं, फळी, ओव्हन.

त्या शांतपणे ऐकत होत्या. माझी चूक असली की त्या फार लक्ष देऊन ऐकतात.

"म्हणजे हाडात काही खोट नव्हती."

"अजिबात नाही."

"तू जपून ठेवलंस, म्हणून बिघडलं."

"हो."

"रेशमाचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "घडी घालून कपाटात ठेवलं, की नेमकं घडीवर विरतं. वापरातलं टिकतं." आणि मग त्या बोलायच्या थांबल्या. त्यांची नजर समोर गेली होती. समोर स्टूल होतं, स्टुलावर उशी होती, आणि उशीवर जपून ठेवलेला त्यांचा डावा पाय.

मला गप्प बसणं जमत नाही, पण तेव्हा मी ओठ घट्ट मिटून घेतले.

सकाळी मी डबा भरत असताना त्यांनी हाक मारली. "तो हाडांचा डॉक्टर कोणत्या वारी असतो गं?"

माझ्या हातातलं झाकण पडलं. "बघते. लगेच बघते."

"थांब, माझी अट आहे. हे हाड तू स्वतः कापायचं. आणि कसं निघालं ते खरं सांगायचं. चॉकलेटी-बिकलेटी नाही. गोड बोललीस तर मला कळतं."

"मग इतके दिवस कळत होतं?"

"आवडत होतं," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी मला बाहेर येऊन सांगितलं, "वेळेवर आणलंत. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं." यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ रुमाल शोधत राहिले. रुमाल त्यांच्या हातातच होता.

हाड कापण्याआधी ते आम्लात ठेवून मऊ करावं लागतं, त्याला काही आठवडे जातात. तिकडे हाड मऊ पडत होतं आणि इकडे सासूबाई कडक होत होत्या. वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंत, मग दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, आणि तिथे आल्यावर मी चिरलेल्या बटाट्यांवर शेरा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुमच्या पँटची एक बाजू लांब आहे. वॉकर गेला, काठी आली. मशीनवरचं कापड निघालं. त्यांनी प्रश्न मात्र एकदाही विचारला नाही. मीही विषय काढला नाही. पण आम्लातल्या हाडाची बाटली मी रोज हलवून बघायचे.

शेवटी दिवस उजाडला. मी काच केली. जुनं हाड आणि नवं हाड, एकाच काचेवर, शेजारीशेजारी. रंग चढवला, धुतला, मॅडम यायच्या आधीच बघितला.

जुनं हाड नेहमीसारखं गर्द. नवं फिकट.

निळं नव्हतं. तपकिरी होतं, सगळीकडे होतं, पण दुधाळ चहासारखं. पातळ, झिजलेलं हाड, त्यात विरळ विरळ पेशी. मी काच फिरवून फिरवून पाहिली, कुठे गडद जागा सापडते का म्हणून. नाही सापडली. आणि मी शब्द देऊन बसले होते.

मॅडम आल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी सरळ डोळा लावला. खूप वेळ पाहिलं. मग चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"ही आजी मला हवी," त्या म्हणाल्या.

"कशाला? फिकट आहे."

"म्हणूनच. अगं, जुन्या आजी फार उदार आहेत. अँटिबॉडी निम्मी थकलेली असली तरी त्या आपल्या रंगून घेतात, आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल आहे. त्या खोक्यातल्या काचा किती दिवस बिघडत होत्या, कळलं का आपल्याला? पार विझल्या तेव्हा कळलं. ही आजी तशी नाही. जरासं कुठे काही कमी पडलं, की ही रंगायचीच नाही. त्याच दिवशी सांगेल. असा फिकट कंट्रोल मी किती वर्षं शोधतेय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रडतेस काय वेड्यासारखी?"

"रडत नाहीये," मी म्हटलं, आणि रडत होते.

संध्याकाळी गल्लीत शिरले तर बाकावर सासूबाई. काठी गुडघ्यांवर आडवी, दोन्ही बाजूंना मैत्रिणी, आणि मधोमध त्या. तीन मजले उतरून आल्या होत्या, कोणाला न सांगता. मला ओरडावंसंही वाटलं आणि मिठी मारावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की आज काच झाली.

"सांग," त्या म्हणाल्या. मैत्रिणीही पुढे सरकल्या.

"फिकट निघालं, आई. पहिल्यासारखं नाही. बरंच फिकट."

काठीवरची त्यांची बोटं घट्ट झाली. पण मान ताठच. "बरं," त्या म्हणाल्या. "खरं सांगितलंस ते बरं केलंस. मग टाकून दिलंत?"

"नाही. मॅडम म्हणतात, यापुढे तेच वापरायचं. रोज, प्रत्येक काचेवर, जुन्याच्या जोडीला."

"फिकट कशाला वापरायचं?"

"गडद हाड आमच्या चुका पोटात घालतं. हे घालत नाही. आमच्या कामात जराशी जरी कसूर झाली, तरी ते लगेच दाखवून देणार. चुका पकडायला ठेवलंय ते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी गोड बोलतेय का ते तपासत होत्या, जसा शिवणीचा टाकान् टाका उलटून बघतात. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"चुका पकडायला?"

"हो."

"त्यासाठी हाड काढायची काय गरज होती? मला विचारायचं. तू या घरात आलीस तेव्हापासून मी दुसरं काय करतेय?"

बाकावर जो हशा पिकला, तो वर आमच्या खिडकीपर्यंत गेला असणार, कारण यांनी वरून डोकं बाहेर काढलं आणि आईला खाली बघून तिथूनच ओरडायला सुरुवात केली. सासूबाईंनी हातानंच यांना गप्प केलं. मैत्रिणींना त्या पुढे बरंच सांगत होत्या, दूध, हाडं, आई, आणि आता गावातल्या कोणाच्याही गाठीचं उत्तर त्यांच्या परवानगीशिवाय कसं निघत नाही ते. मी काही दुरुस्त केलं नाही. खोटं काय होतं त्यात?

अंधारायला लागल्यावर आम्ही वर निघालो. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. एका हातात कठडा, एका हातात काठी, एकेक पायरी करत त्या माझ्यापुढे चढल्या. पूर्वी जिथे थांबायच्या त्या वळणावर त्या थांबल्या.

"दुखतंय का, आई?"

"नाही गं." त्या मागे वळल्या, माझ्या कॉलरची उसवलेली शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "माझे काप दरवेळी ताजे काढ. फळीवर ठेवू नकोस." आणि पुढची पायरी चढल्या.